वेसावे कोळीवाडा

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरीच्या पश्चिम टोकाचे सोनकोळ्यांचे जुने गाव. सरकारी कागदांत, नकाशांत आणि मेट्रोच्या पाटीवर ते ‘वर्सोवा’ असते. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र वेसावे किंवा वेसावा. मालाडची खाडी जिथे अरबी समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या मुखाशी गाव वसले आहे. समोरच्या तीरावर मढ. मधल्या पाण्यातून फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. गाडीरस्त्याने जायचे तर मालाडमार्गे मोठा वळसा पडतो.

वसईच्या १५३४ च्या तहाने साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेले आणि वेसावेही त्यांच्या अमलाखाली आले. खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारा मढचा किल्ला त्यांनीच बांधला. १७३९ च्या मोहिमेत तो मराठ्यांनी जिंकला. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. राजवटी बदलल्या, पण बंदर कोळ्यांचेच राहिले.

गावाची रचना गल्ल्यांची आहे. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, तेरे गल्ली, बुधा गल्ली, पाटील गल्ली, शिव गल्ली अशी त्यांची नावे. गल्ली ही इथे नुसती वाट नसते. गल्लीची स्वतःची जमात, म्हणजे पंचायत, असते. होळी, लग्नकार्य, आपापसांतले तंटे यांत तिचा शब्द चालतो. गल्ल्यांच्या वर सगळ्या गावाची जमात. मासेमारी सहकारी संस्थांनी डिझेल, बर्फ आणि कर्जाची सोय केली आणि शिडाच्या होड्या जाऊन यांत्रिक नौका आल्या, तरी जमातीची ही घडी मोडली नाही. वेसाव्याचे वेगळेपण इथल्या कोळीगीतांपेक्षाही या व्यवस्थेत अधिक आहे, असे म्हटले पाहिजे.

इथली जुनी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे लांब जाळे. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्यात लोटतो. म्हणून पाण्याला ओढ असलेले उधाणाचे दिवस धंद्याचे, आणि भांगाचे दिवस जाळी दुरुस्त करण्याचे. पौर्णिमा-अमावास्येचा हिशेब नाखव्याला तोंडपाठ असतो. डोलीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली येतात. बोंबील किनाऱ्यावर येताच दोन-दोन मासे जबड्यात जबडा अडकवून बांबूंच्या वलांडीवर टांगले जातात. जवळा मोकळ्या जमिनीवर पसरतात. पावसाळा संपला की मेअखेरपर्यंत हे वाळवण चालते आणि सुके म्हावरे मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारासारख्या ठिकाणी जाते. समुद्रावर पुरुष जातात. मासळी किनाऱ्याला लागली की निवडणे, वाळवणे, भाव ठरवणे, विकणे आणि घरचा पैसा सांभाळणे कोळणींच्या हाती असते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला वाजतगाजत मिरवणुकीने जाऊन समुद्राला नारळ वाहतात. गावात हिंगळादेवीचे देऊळ आहे. कुळाच्या देवदर्शनासाठी कोळी कार्ल्याच्या एकवीरेकडे आणि जेजुरीला जातात. होळी इथला फार मोठा सण. होळीच्या आदल्या रात्री कोंबड होळी पेटते आणि कोळणी सजवलेली मडकी डोक्यावर घेऊन निघतात. ‘अंधेरीचा राजा’ या गणपतीचे विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता पुढच्या संकष्टीला वेसाव्याच्या किनारी होते, आणि मूर्ती खोल पाण्यात नेण्याचे काम कोळी बांधव आपल्या होड्यांतून करतात. ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या कॅसेटांनी इथली कोळीगीते महाराष्ट्रभर लग्नांच्या वराती-हळदींत पोहोचवली.

१९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था वेसाव्यातच आहे. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. तिचे शेवटचे स्थानक गावात नसून सात बंगल्याजवळ आहे. भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आणि वर्सोवा हे नाव चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्यांच्या वस्तीचे म्हणून प्रसिद्ध झाले.

कोळीवाड्यापुढचा खरा प्रश्न जमिनीचा आहे. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळा दर्जा द्यावा असे सांगितले. सीमांकनात मात्र वाद होतो तो नेमका घरांबाहेरच्या जागेवर. वलांडी उभ्या करायची जागा, जाळी विणायची जागा, होड्या ओढून ठेवायचा किनारा ही घराइतकीच कोळ्यांच्या वहिवाटीची आहेत. सीमारेषा घरांच्या भिंतींपाशी थांबवली तर छप्पर राहील आणि धंदा जाईल. दाटीवाटीची घरे पाहून कोळीवाड्याला झोपडपट्टीत मोजणे हाही तसाच अन्याय आहे, आणि मुंबईतल्या कोळ्यांनी त्याला सातत्याने विरोध केला आहे. दुसरीकडे उपनगराचे सांडपाणी आणि प्लास्टिक मालाडच्या खाडीत उतरते. मुखाशी गाळ साचतो, त्यामुळे भरलेल्या नौकांना बंदरात शिरण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. गाळ काढावा ही वेसावकरांची जुनी मागणी आहे.