गाण्याचे नाव आणि मोठे अक्षर

आपल्या दोन्ही लिप्यांत कॅपिटल अक्षर नाही. हिब्रूत नाही, बाळबोधीत नाही आणि जुन्या हिशेबांच्या मोडीतही नव्हते. हिब्रूत काफ, मेम, नून, पे आणि त्सादी ही पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. सुरुवातीला मात्र एकही बदलत नाही.

म्हणून गाण्याला नाव देण्याची आपली रीत निराळी. बेरेशीथ, शेमोथ ही तोरेतल्या पुस्तकांची नावे आरंभीच्या शब्दांवरून पडली, तशीच पियुटांचीही. पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हगादा छापली गेली. तिच्यातल्या 'हद गद्या'ला वेगळे शीर्षक शोधण्याची कुणाला गरज नव्हती. पहिले दोन शब्द उच्चारले की सेदेरला बसलेले सारे घर पुढचे म्हणू लागे.

मोठे अक्षर आपल्या सोफेरांना ठाऊकच नव्हते, असे मात्र नाही. शेमाच्या पहिल्या पासुकात आयिन आणि दालेत ही दोन अक्षरे मोठी लिहितात. दोन्ही मिळून 'एद', म्हणजे साक्षी, हा शब्द होतो. वय्यिक्राचा आलेफ उलट लहान. पण हा परंपरेने आलेला संकेत, व्याकरणाचा नियम नव्हे. सोळाव्या शतकात सफेदच्या श्लोमो अल्काबेत्झ यांनी 'लेखा दोदी'च्या पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांत 'श्लोमो हलेवी' हे आपले नाव गुंफले, तेही अक्षराचा आकार न वाढवता.

अडचण आली ती रोमन लिपीमुळे. इंग्रजी वहिवाटीप्रमाणे शीर्षकातला पहिला, शेवटचा आणि प्रत्येक महत्त्वाचा शब्द कॅपिटलने सुरू होतो. 'द', 'ऑफ' असले शब्द लहान राहतात. आता 'एलियाहू हानाबी' घ्या. इथे 'द'च्या जागी असलेला 'हा' पुढच्या शब्दाला चिकटलेला आहे. मग मोठे काय करायचे, 'हा' की 'नाबी'? ग्रंथालयांच्या लिप्यंतरात 'हा' लहान अक्षरात लिहून जोडरेषेने पुढच्या शब्दाला जोडतात. घरच्या याद्यांत दोन्ही सापडतात, आणि एकच गाणे दोन जागी नोंदले जाते. 'लेखा दोदी'त तर दोन्ही शब्द मोठे केले की दोदी हे कुणा माणसाचे नाव वाटू लागते. 'माझा प्रियकर' हा अर्थच झाकला जातो. आमच्या मते पहिला शब्द आणि खरी विशेषनामे तेवढीच मोठी करावीत. इंग्रजी डोळ्याला ते उघडेबोडके दिसेल, दिसू द्यावे.

आपल्या मराठी कीर्तनांची गोष्ट याहून नाजूक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बेने इस्राएल कीर्तने सुरू झाली. त्यांतले पद ओळखायचे ते पहिल्या ओळीने आणि वर लिहिलेल्या 'चाल' या शब्दापुढच्या नोंदीने. ती नोंद म्हणजे त्या काळी सर्वांच्या ओठी असलेले दुसरेच एखादे गाणे. फोनवरच्या रोमन यादीत कॅपिटल नीट लावलेले असते, पण चालीला रकानाच नसतो. लोद, अश्दोद, दिमोना इथे वाढलेली नातवंडे शब्द वाचू शकतील, पण ते म्हणायचे कसे हे त्यांना कळणार नाही.

ज्यांच्या घरी कीर्तनाची जुनी वही असेल त्यांनी पदाच्या पहिल्या ओळीबरोबर चालीची नोंदही जशीच्या तशी, बाळबोधीतच उतरवून आमच्याकडे पाठवावी. आणि ती चाल गाता येणारे कुणी घरात असेल, तर त्यांचा आवाजही टिपून घ्यावा.