दिसतंय का रे?

साल २००५, दिवाळीची सुट्टी. आमचा जुना संगणक अखेरच्या घटका मोजत होता. त्याची हार्ड डिस्क मधूनच कटकट वाजायची, आणि तिच्यात होत्या वडिलांनी दोन वर्षं खपून टाइप केलेल्या आठवणी. वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते. फ्लॉपीचा ड्राइव्ह बिघडलेला, सीडी लिहायची सोय नाही, पेनड्राइव्ह लावला तर विंडोज ९८ ला तो ओळखता येईना. मार्ग उरला एकच. हॉलमधल्या नव्या संगणकाला केबलने जोडायचं.

केबल आणली, दोन्ही टोकं बसवली. दिवा लागेना. मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "दिसतंय का रे?" हॉलमधून मुलगा म्हणायचा, "नाही, बाबा." बायको म्हणाली, "त्यापेक्षा एकमेकांना फोन लावा!"

तिला ठाऊक नव्हतं, पण इतिहासात अगदी हेच घडलं आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकात शिरायचा प्रयत्न करत होता. 'लॉगिन' हा शब्द टाइप करायचा होता. पलीकडच्या माणसाशी तो फोनवर बोलत होता. एल आला का? आला. ओ आला का? आला. पुढच्या अक्षराला पलीकडचा संगणक कोसळला. आर्पानेटवरून गेलेला पहिला संदेश ही दोनच अक्षरं! तासाभरात दुरुस्ती करून पूर्ण शब्द गेला, पण आठवणीत राहिली ती मोडलेली सुरुवात.

आमचा पहिला दोष केबलचा निघाला. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. संगणक पहिल्या-दुसऱ्या तारेवर बोलतो आणि तिसऱ्या-सहाव्या तारेवर ऐकतो. सरळ केबल लावली की दोघांची तोंडं समोरासमोर आणि कान कानाला! १९७३ च्या मे महिन्यात बॉब मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात इथरनेटची कल्पना टिपणात मांडली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सगळी यंत्रं एकाच केबलवर असायची. पिळाच्या तारेचं मानक १९९० साली ठरलं, मध्ये हब नावाची पेटी आली आणि ही अदलाबदल ती पेटी करू लागली. पेटी नसेल तर तारा उलटसुलट जोडलेली 'क्रॉस केबल' हवी. पुढच्या काळातल्या कार्डांना ही उलटापालट आपोआप जमू लागली, म्हणून आजच्या मुलांना हा शब्दही माहीत नसतो.

क्रॉस केबल आणली. दिवा लागला, तरी ओळख पटेना. जुन्या यंत्रात कुणीतरी १९२.१६८ ने सुरू होणारा क्रमांक कायमचा भरून ठेवला होता. नव्याला क्रमांक देणारं कुणी भेटलं नाही, म्हणून त्याने स्वतःच १६९.२५४ चा घेतला. गल्ल्याच वेगळ्या! दोघांना एका गल्लीत आणलं. आता हॉलमधून हाक मारली की जुना उत्तर द्यायचा. मी जुन्यावरून हाक मारली की नवा गप्प.

याचं कारण दोन वर्षं आधीचं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभरच्या संगणकांत घुसला होता. त्यानंतर ऑगस्ट २००४ च्या विंडोज एक्सपीच्या मोठ्या दुरुस्तीत फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. पहारेकरी आपलं काम चोख करत होता, फक्त घरच्यांनाही आत सोडत नव्हता. त्याला 'फाइल शेअरिंगला मुभा' असं सांगायला अर्धा दिवस गेला, कारण आम्ही दोष केबलमध्येच शोधत बसलो होतो.

संध्याकाळी फाइली आल्या. मुलाने पहिली उघडली आणि गप्प झाला. पडद्यावर नुसतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. क्षणभर माझ्या पोटात गोळाच आला. मग आठवलं, वडील युनिकोडमध्ये नव्हे, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. अक्षरं आतून इंग्रजीच, वरून मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट नव्या यंत्रात नव्हता. पुन्हा आतल्या खोलीत गेलो, फॉन्टची फाइल त्याच केबलवरून पाठवली आणि ओरडलो, "दिसतंय का रे?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. हॉलमध्ये गेलो तर तो आजोबांचं पहिलं पान वाचत बसला होता.