वाढीदिढी ते सिबिल

आलापल्लीच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्याचे महिने पोटाला सर्वांत अवघड. मोह वेचून झालेला असतो, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेण्याचा तेंदूचा हंगामही मेअखेरीस आटोपतो, आणि नवे धान दिवाळीच्या आसपास हाती येते. इथल्या कर्जाचा इतिहास याच रिकाम्या महिन्यांतून सुरू होतो.

सावकाराची जुनी रीत वाढीदिढीची. रोवणीच्या तोंडावर चार पायल्या धान नेले, तर कापणीनंतर सहा पायल्या मोजून द्यायचे. सहा महिन्यांच्या आत निम्म्याने वाढ! नोंद सावकाराच्या वहीत, आणि ती वाचता येणारा बहुधा तो एकटाच. दरसाल इमानाने फेडणाऱ्याकडे दुसऱ्या कुणाला दाखवायला कागद नसे. त्याची पत त्या एका उंबऱ्यापुरती उरे.

ही पकड सैल करण्यासाठी राज्याने १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन केले. १९७६च्या कायद्याने आदिवासी भागातल्या खासगी सावकारीवर आणि व्यापारावर बंधने आणली. १९७८पासून पावसाळ्यात पोटासाठीचे खावटी कर्ज मिळू लागले. काही रोख, काही धान्याच्या रूपात. गावोगावच्या आदिवासी विविध कार्यकारी संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘आविका’, याच काळात धान खरेदीसाठी ओळखीच्या झाल्या.

पण त्या काळातल्या खावटीची परतफेड ज्यात उमटावी, अशी देशव्यापी नोंदवहीच नव्हती. कर्जफेडीची नोंद ठेवणारी पतमाहिती कंपनी सिबिल स्थापन झाली २००० साली, आणि अशा कंपन्यांसाठी कायदा आला २००५मध्ये.

आज सिबिलच्या ३०० ते ९०० गुणांच्या मोजपट्टीत कर्जाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. सोने, घर किंवा ट्रॅक्टर तारण ठेवून घेतलेले कर्ज एका बाजूला. वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड दुसऱ्या बाजूला. दोन्ही प्रकार वेळेवर फेडलेले दिसले, तर गुणांना आधार मिळतो. थोड्या दिवसांत तीन-चार विनातारण कर्जे मागितली किंवा कार्डाची मर्यादा सतत काठोकाठ वापरली, तर गुण घसरतात. सर्वांत जड वजन मात्र हप्त्याच्या तारखेचे. तडजोड करून मिटवलेले खाते ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवे येते. दुसऱ्यासाठी जामीन राहिलेल्याच्या अहवालातही ते कर्ज चढते.

बचत गटांच्या बायकांनी मोठा पल्ला गाठला तो या पतनोंदीतच. १९९२मध्ये नाबार्डने गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तरी खाते गटाचे असे आणि एकेकीची फेड नोंदीबाहेर राही. २०१६मध्ये रिझर्व्ह बँकेने सदस्यनिहाय माहिती कळवायला सांगितले, आणि एकेका बाईच्या नावावर पत जमू लागण्याची वाट मोकळी झाली. किराणा दुकानातली उधारी आणि नातलगाकडून आणलेले धान मात्र आजही या हिशेबाबाहेर आहे, मग ते कितीही चोख फेडलेले असो.

म्हणून पूर्वी कधीच कर्ज न घेतलेल्या शेतकऱ्याने किंवा मजुराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. केवळ जुनी नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५च्या निर्देशांत बँकांना बजावले आहे. शिवाय प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागून घ्या, आणि चूक दिसली तर लेखी तक्रार करा.