बॉम्ब सापडला तरी पोलिसांचा श्वान भुंकत का नाही?

१९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांच्या तपासात मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या लॅब्राडोरने ३ हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून दिलं. २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

आरडीएक्स म्हणजे काय, हे श्वानाला ठाऊक नसतं. प्रशिक्षणात स्फोटकाचा वास ओळखला की लगेच चेंडू किंवा खाऊ मिळतो, म्हणून शोध हा त्याचा खेळच होतो. वास लागल्यावर मात्र भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, नुसतं बसायचं. कारण धक्का लागला तर स्फोट होऊ शकतो. त्याचं बसणं ओळखून लोकांना मागे हटवणं, हे हँडलरचं काम.

म्हणूनच स्टेशनवर असा श्वान दिसला तर हाक मारू नका, बिस्किट देऊ नका. त्याचं लक्ष हटलं, तर नेमकी एखादी बॅग तपासायची राहून जाईल.