साष्टीतले सरते साल

एक जानेवारी ‘त्यांचा’ आणि गुढीपाडवा ‘आपला’, ही वाटणी मराठी मनात इतकी पक्की बसली आहे की तिच्याविषयी कुणी शंका घेत नाही. इतिहास पाहू गेल्यास मात्र या वाटणीतला पहिला भाग बराच डळमळीत ठरतो. एक जानेवारी हा मूळचा रोमन सण. संत ऑगस्टीनसारखे धर्मपिते आपल्या अनुयायांना त्या दिवशीच्या खाण्यापिण्यापासून आणि जल्लोषापासून दूर राहायला, उलट उपवास करायला सांगत. चर्चचे स्वतःचे वर्ष सुरू होते ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या चार रविवार आधी. मध्ययुगीन युरोपात साल कुठे २५ मार्चला बदले, कुठे नाताळला. तेव्हा ख्रिस्ती माणसाने सरत्या वर्षाचा हिशेब नेमका कोणत्या दिवशी मांडायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा कधीच नव्हता. आज आपण ज्याला मुंबईची उपनगरे म्हणतो, तिथे तर तो राज्यकर्त्यांगणिक बदलत गेला.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी साष्टी बेटावरची गावे. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या शैव लेण्यांपाशी फ्रान्सिस्कन साधूंनी आपले ठाणे मांडले. लेण्यातल्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही पाहायला मिळतो. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटे गावी जेझुइटांनी १५७९ साली संत जॉन बाप्टिस्टचे चर्च बांधले. त्यानंतर तीनच वर्षांनी पोप तेरावा ग्रेगरी याने दिनदर्शिका सुधारली आणि ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. पोर्तुगालने ही सुधारणा ताबडतोब मान्य केली, आणि त्यामागोमाग पोर्तुगीज हिंदुस्थानानेही. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या साष्टीकराने तिथ्या सोडून तारखा धराव्यात, तोच त्या तारखांतले दहा दिवस गळून पडले.

खरी गंमत पुढे आहे. १६६५ साली मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले, साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. इंग्लंडने पोपची दिनदर्शिका तोपर्यंत झिडकारलेली होती. त्यामुळे वांद्र्याला नाताळ साजरा होत असे त्या दिवशी खाडीपलीकडे माहीमला, कंपनीच्या दप्तरात, १५ डिसेंबर असे. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर साल २५ मार्चला बदलत असल्यामुळे जानेवारी ते मार्च या काळात दोन्ही काठांवर सालही निराळे. मुंबईचा ताबा देताना पोर्तुगीजांनी घातलेली तारीख आहे १८ फेब्रुवारी १६६५. इंग्रजी गणनेने तो दिवस ८ फेब्रुवारी १६६४ होता. होडीने खाडी ओलांडणारा माणूस दहा दिवसच नव्हे, एक अख्खे साल मागे जात होता. (अठराव्या शतकात हे अंतर दहाचे अकरा दिवस झाले.)

१७३७ ते १७३९ या दोन वर्षांत चिमाजी आप्पांच्या मोहिमेने ठाणे, साष्टी आणि शेवटी वसई मराठ्यांकडे आली. युरोपीय पाद्री निघून गेले, अनेक चर्चे ओस पडली आणि उरलेल्या धर्मग्रामांचा भार गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांवर पडला. मराठेशाहीचे महसुली साल मृगाला सुरू होई. म्हणजे साष्टीतल्या ख्रिस्ती कुळाची सरकारदेणी मृगसालाने ठरत, शेजारपाजारचे पाडव्याला नवे वर्ष मानत, आणि त्याच्या घरातली लग्ने, बारशी, मर्तिके मात्र गोव्याच्या दिनदर्शिकेने नोंदली जात. या पस्तीस-छत्तीस वर्षांकडे आपले इतिहासकार ‘पडझडीचा काळ’ म्हणून पाहतात. मला त्यात दुसरेही काही दिसते. एक जानेवारीमागे आता कुठलाही राजा उभा नव्हता. ती तारीख पाळल्याने पदरात काही पडत नव्हते, न पाळल्याने कुणी दंड करणार नव्हते. तरीही ती टिकली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हा तेही, १७५२ पासून, ग्रेगरीची दिनदर्शिका वापरू लागले होते. दोन काठांवरच्या तारखा प्रथमच जुळल्या.

टिकली ती कशाच्या आधारे? माझ्या मते नोंदवहीच्या. बाप्तिस्मा आणि लग्ने यांच्या नोंदी प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्यात, असे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये ठरवले. मृत्यूंची नोंद सतराव्या शतकाच्या आरंभी तिला जोडली गेली. वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी ‘ते देउम’ हे आभारगीत गायचे, आणि वर्षभरात किती जन्मले, किती लग्ने झाली, किती गेले ते लोकांना सांगायचे, हा रिवाज अनेक चर्चांत आजही आढळतो. जेझुइटांनी दिवसातून दोनदा आत्मपरीक्षणाची सवय लावली होती. वर्षअखेरचे आत्मपरीक्षण हा तिचाच मोठा फेरा. फरक इतकाच, की इथे परीक्षण एकट्याचे राहत नाही, साऱ्या गावाचे होते.

या हिशेबाची कसोटी लागली ती कोंडिविट्यात. १८४० साली रोगाची साथ आली, आणि गावकऱ्यांनी अडीचशे वर्षांहून जुने चर्च सोडून मरोळला नवे गाठले. दगड तिथेच राहिले, धर्मग्राम मात्र उठून चालू लागला. आज ते भग्न चर्च सीप्झच्या आवारात आहे. तिथे प्रार्थनेसाठी वर्षातून एकदा, मे महिन्यात, लोकांची गर्दी होते. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा मुंबईच्या गावठाणांतून ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. नाक्यावरच्या त्या क्रुसांवरचे साल सहसा कुणी थांबून वाचत नाही. ज्या समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले त्याचा शतकभराचा ताळेबंद त्या दगडांवर आहे.

प्रॉटेस्टंटांची रीत निराळी. अठराव्या शतकात मोरेव्हियन आणि वेस्लीचे मेथॉडिस्ट यांनी वर्षअखेरच्या जागरणाची प्रार्थना रुळवली, आणि मिशनऱ्यांबरोबर ती मराठी मंडळ्यांतही आली. पण नववर्षाच्या पहिल्या आठवड्यातली जागतिक प्रार्थना मात्र इथूनच बाहेर गेली: लुधियान्याच्या अमेरिकन मिशनने १८५८ साली जगभरच्या ख्रिस्ती लोकांना तसे आवाहन केले आणि १८६० च्या जानेवारीत ते प्रत्यक्षात आले. ख्रिस्ती रिवाज सगळे पश्चिमेकडून आयते आले, असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आणि मग म्हातारा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वांद्र्यापासून ऑर्लेमपर्यंत गल्लीच्या तोंडाशी जुनी पँट, जुना शर्ट, आत पेंढा आणि फटाके भरलेला एक पुतळा खुर्चीवर बसवलेला दिसतो. मुले त्याच्या नावाने पैसे मागतात आणि बाराच्या ठोक्याला त्याला पेटवतात. ‘जुना मनुष्य’ टाकून द्या, या संत पौलाच्या उपदेशाशी प्रवचनकार त्याची सांगड घालतात. मला तो फाल्गुनातल्या होळीचा आणि पोर्तुगीज मुलखांत ईस्टरच्या सुमारास जाळल्या जाणाऱ्या जुदासाचा नातलग वाटतो. विधी मोठा देखणा आहे. पण जाळून मोकळे होणे आणि मोजून पुढे नेणे या दोन अगदी वेगळ्या वृत्ती आहेत, आणि उपनगरांत दिवसेंदिवस पहिलीच बलवत्तर होते आहे. भातशेती गेली, वाड्यांचे टॉवर झाले. म्हातारा मात्र दर वर्षी अधिक उंच होतो.

भाषेचेही तसेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना खुली केली. साष्टीची लोकभाषा म्हणजे ईस्ट इंडियन मराठी. उपनगरांतल्या बहुतेक चर्चांत लॅटिनच्या जागी बसली ती इंग्रजी. मराठी मिस्साला एखादी वेळ नेमून दिलेली असते. त्यामुळे ज्या आजींनी आयुष्यभर मराठीत पापकबुली दिली त्यांच्या घरातले जन्ममृत्यू वर्षअखेरीस इंग्रजीत वाचले जातात. नातवंडांना ते समजते, ही जमेची बाजू मी नाकारत नाही.

२०२० च्या डिसेंबरात मुंबईत रात्री अकरानंतर संचारबंदी होती. वर्षअखेरच्या मिस्सा संध्याकाळीच उरकाव्या लागल्या, मध्यरात्री रस्त्यावर पुतळे जाळणे शक्य नव्हते. म्हाताऱ्याविना त्या वर्षी उरली ती मृतांची यादी. आणि तीत अशी अनेक नावे होती, ज्यांच्या अंत्यविधीला वीसांहून अधिक माणसांना जाता आले नव्हते.