उतणारा बिब्बा

'कामात बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जुळत आलेले लग्न कुणी मोडले, ठरत आलेला व्यवहार कुणी फिसकटवला, की आपण म्हणतो, त्याने बिब्बा घातला. ज्या फळाला आपल्या भाषेने विघ्नाचे प्रतीक मानले, तेच फळ आपल्या आजीबाईंनी पिढ्यान्पिढ्या सर्दी-खोकल्यावर आणि दम्यावर औषध म्हणून घरातल्यांच्या पोटात घातले. ही विसंगती वाटते. पण तिचा इतिहास पाहिला की तिच्यात एक शहाणपण दडलेले दिसते, आणि ते आपण कुठे हरवले तेही कळते.

औषध देण्याची रीत पुष्कळांना आठवत असेल. बिब्बा दाभणाला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायचा. तापला की त्यातून काळे तेल ठिबकू लागे. त्याचा एखादा थेंब दुधाच्या वाटीत पडला की बिब्बा दूर करायचा आणि ते दूध रोग्याला पाजायचे. पाजणारी स्त्री मात्र सावध असे. तेल बोटाला लागू नये म्हणून ती आधीच हाताला खोबरेल चोळी. कारण बिब्बा 'उततो'. अंगावर चट्टे उठतात, फोड येतात, तोंड सुजते. एकाला उततो, त्याच्या शेजारी बसलेल्याला काहीच होत नाही. 'उतणे' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. एकाच पदार्थाने माणसामाणसांत वेगळा परिणाम व्हावा, या अनुभवाला आपल्या निरक्षर बायाबापड्यांनी नाव देऊन ठेवले होते. युरोपातल्या वैद्यकाला 'अ‍ॅलर्जी' हा शब्द मिळाला तो १९०६ साली, क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाकडून.

बिब्ब्याची एक जुनी छापील नोंद आपल्या परिसराशी जवळचे नाते सांगते. १५३४ साली वसईच्या तहाने मुंबई, साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडे गेली. आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हे सारे त्या साष्टी बेटातले. त्याच वर्षी गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तिथल्या आपल्या आंब्याचे कौतुक तो मोठ्या प्रेमाने सांगतो. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात दोन वैद्यांचे संवाद आहेत. त्यांत एक संवाद बिब्ब्यावर आहे. इथले लोक त्याला 'बिबो' म्हणतात, ताकात भिजवून दम्यावर देतात आणि चुन्यात मिसळून कापडावर खुणा करतात, असे तो लिहितो. (हा ऑर्ता ज्यू वंशाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. चर्चच्या इतिहासातले हे पानही आपण वाचले पाहिजे.)

आयुर्वेदात हाच 'भल्लातक'. चरकसंहितेने त्याला रसायन म्हटले; पण घेताना तोंडाला आतून तूप लावावे, अशी बंधनेही घातली. विटेच्या चुऱ्यात घोळून तेल काढण्याची कृती वैद्यांत रूढ होती. म्हणजे औषध एका ओळीचे आणि पथ्य पानभर! घरोघरी उतरले ते औषध. पथ्य वाटेतच गळाले.

बिब्ब्याचे तेल उतते कसे, हे आता कळले आहे. त्यातले द्रव्य त्वचेत मुरते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखू लागते. पहिल्या वेळी बहुधा काही होत नाही. ओळख पटल्यावर पुढच्या वेळी दिवस-दोन दिवसांनी फोड उठतात. या उशिरामुळेच संशय भलत्यावर जातो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर असेच चट्टे उठले. धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने केलेली खूण त्याला कारण होती. पोटात गेल्यावर धोका अधिक. बिब्ब्याच्या चिकाच्या संपर्कानंतर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मृत झाल्याची नोंद वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. इतके कळल्यावर बिब्ब्याचे दूध कुणालाही, विशेषतः मुलाला, घरच्या घरी पाजण्याचे समर्थन मला करता येत नाही.

आंबा आणि काजू हे बिब्ब्याचे सख्खे भाऊबंद. आंब्याच्या चिकाने ओठाला फोड येतो आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने हात भाजतात, ते याच कुळाच्या गुणाने. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. ऑर्ताच्या ग्रंथात तो नाही. १५७८ साली क्रिस्तोव्हाओ द कॉस्ताने कोचीनच्या बागांत पाहिलेल्या काजूचे वर्णन केले. काजूगराची अ‍ॅलर्जी मात्र वेगळ्या जातीची. ती गरातल्या प्रथिनांमुळे होते आणि काही मिनिटांतच घसा आवळू शकते. तिथे खोबरेल चोळत बसायला वेळ नसतो. सरळ इस्पितळ गाठावे लागते.

निरुपद्रवी वाटणाऱ्या मधाचीही अशीच गोष्ट आहे. खोकल्यावर तो खरोखरच उपयोगी पडतो. २००७ साली अमेरिकेत दोन वर्षांवरील १०५ मुलांवर झालेल्या अभ्यासात रात्रीच्या खोकल्याला मधाने सर्वांत अधिक आराम पडल्याचे पालकांनी सांगितले. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोट चाटवू नये. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीज असते. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाही. तान्ह्याच्या आतड्यात रुजते आणि त्याच्या विषाने बाळ लुळे पडते. हा तान्ह्यांचा आजार ओळखला गेला तो १९७६ साली, कॅलिफोर्नियात. आपल्या आजीला तो ठाऊक असणे शक्यच नव्हते. नातवंडे झालेल्या आजच्या आजीला मात्र तो ठाऊक असायला हवा.

आपल्या उपनगरांत आता एकाच जिन्यावर कोकण, गोवा, विदर्भ आणि केरळ नांदतात. बाळ खोकले की चार दारांतून चार उपाय येतात आणि चारही मायेने येतात. मग दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "घरी काय काय दिलंत?" आणि आई सांगते, "काही नाही, डॉक्टर." ती खोटे बोलत नाही. मध, ओवा, जायफळ, वेखंड यांना ती औषध मानतच नाही.