तळटीप १७ : रेड बॅरन

१७. रेड बॅरन : अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा, नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम (१९८०-८१). नाव पडले ते मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन (१८९२–१९१८) या जर्मन वैमानिकावरून. पहिल्या महायुद्धात शत्रूची ८० विमाने पाडल्याचे श्रेय त्याच्या नावावर आहे, आणि आपले विमान त्याने लाल रंगवून घेतले होते. खेळाचा पडदा मात्र काळा-पांढरा. लाल रंग फक्त नावापुरता! दुपंखी विमानात बसल्यासारखे समोर पाहत शत्रूची विमाने टिपायची आणि वाटेतले डोंगर चुकवायचे. लेखकाने ‘सांगाड्यांची विमाने’ म्हटले आहे ते हिणवण्यासाठी नव्हे. त्या काळच्या घरच्या टीव्हीवर चित्र आडव्या ओळींनी भरत जाई. या खेळाच्या यंत्रात मात्र इलेक्ट्रॉनांचा झोत पेन्सिलीप्रमाणे एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत थेट रेघ ओढतो. म्हणून आकृतीच्या नुसत्या कडा दिसतात, पण लखलखीत. पुढच्या ओळीतला ‘शेजारचा रणगाडा’ म्हणजे याच कंपनीचा ‘बॅटलझोन’ (१९८०). दोन्ही खेळांची आतली यंत्रणा बरीचशी एकच.